पिवळे हात

नोव्हेंबर. कॅस्कोच्या पाण्यात दोर सोडतो मी,
दोराला गुंडाळलेली सुतळी, सुतळीवर तपकिरी लव.
डेलिया म्हणते, हे बी.
मला दिसतो चहाच्या कपात राहिलेला डाग.

तीस वर्षं लॉब्स्टर धरले.
सापळा वर ओढला की चिकटून यायचं ते हेच,
चामडी पट्ट्यासारखं लांब, ओलं शेवाळ.
सुरीनं खरवडायचं, एक शिवी हासडायची,
आणि मागे न बघता फेकायचं.
आज त्याच्याच भरवशावर बँकेत माझा अर्ज आहे.
'व्यवसाय' या रकान्यात
दोनदा खोडलंय.

तसं घडलं काहीच नाही. पाणी तापत गेलं इतकंच.
लॉब्स्टर उत्तरेला सरकले,
पंगतीतून न सांगता उठलेल्या पाहुण्यांसारखे,
आणि मी चार हिवाळे
रिकाम्या पानांवर वाढत राहिलो.

बापाच्या बोयांचे रंग, नारिंगीवर हिरवा पट्टा.
धुक्यातसुद्धा कळायचं, हा ओरिनचा सापळा.
शेवाळाच्या शेतीला मात्र नियम आहे: बोये पिवळेच.
ऑक्टोबरभर शेडमध्ये रंगवत बसलो.
रंग नखांत गेला, पावात गेला,
जोसेटच्या उशीच्या अभ्र्यावर उमटला.
एकावन्नाव्या वर्षी
पुन्हा एकदा हात पिवळे.

धक्क्यावर वेंडेल ओरडायचा,
"काय रे, पालेभाजी काय म्हणते?"
सगळे हसायचे. मीही हसायचो,
आणि दोराची गाठ उगाच दुसऱ्यांदा मारायचो.

डेलिया सव्वीसची. माझ्या बुटांहून लहान.
तिनं मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.
पहिले दहा मिनिटं
मी स्वतःच्या पापण्याच बघत होतो.
ती म्हणाली, थोडं मागे या. घाई नाही.
मला घाई नाही असं कुणी म्हटल्याला
किती वर्षं झाली असतील.
मग दिसले: सोनेरी ठिपके,
शाळा सुटल्यासारखे सैरावैरा पळणारे.
"हेच?" मी विचारलं.
"हेच."

पहिल्या वर्षी दोर फार खोल सोडला.
वादळानं त्याचा अंबाडा घातला.
आलं ते दोनशे पौंड, अर्धं कुजकं.
जोसेटनं ते रेवचिनीच्या वाफ्यात पुरलं.
त्या उन्हाळ्यात तिच्या मुरंब्याला बक्षीस मिळालं.
माझ्या धंद्याचा तोवरचा सगळा नफा तो.

धरणाऱ्याचे हात वेगळे असतात.
सापळा टाकायचा, उचलायचा,
आहे की नाही, लगेच कळतं.
इथं सात फूट खाली काहीतरी चाललेलं असतं,
जानेवारीत, जेव्हा डेकवर मीठसुद्धा गोठतं,
तेव्हाच ते सगळ्यात जास्त वाढतं.
डेलिया टेप लावून वहीत लिहिते:
अकरा इंच. सव्वीस. चार फूट.
माझं माप कुणी घेतलं नाही.
घेतलं असतं तर बहुतेक
उणे आलं असतं, निदान मार्चपर्यंत.

तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी वेंडेल आला.
टोपी हातात. भाव विचारेल असं वाटलं.
म्हणाला, "यानं गुडघे दुखतात का रे?"
मी म्हटलं, "कमी."
मग आम्ही बराच वेळ
पाण्याकडे बघत उभे राहिलो.

अजून पहाटे साडेतीनला जाग येते.
चाळीस सापळे ठेवलेत, नारिंगी-हिरवे,
का ते जोसेट विचारत नाही.

एप्रिलात दोर वर आला, जड, दहा-दहा फुटी झालरींचा,
आणि मुळापाशी घट्ट धरून बसलेला
अंगठ्याएवढा लॉब्स्टर.
हात सवयीनं खिशात गेला, पितळी मापपट्टीसाठी.
खिशात निघाली डेलियाची टेप.
मी ती तशीच हातात धरून उभा,
आणि तो माझ्यावर दोन्ही नांग्या उगारून.